पाणथळ, पक्षी आणि गळ: तुमचेही किस्से येऊ द्या

तापीकाठचा:
काल हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. एक पोऱ्या पाण्यात पाय सोडून गळ टाकून बसलेला. मी मागून ओरडलो, "ए, पाय वर घे!" तो म्हणे, "काका, काय झालं?" मलाच हसू आलं. ही खोड ऑस्ट्रेलियातल्या काकाडूहून लागली.

लेक तिकडे डार्विनला असते. जूनमध्ये गेलो तेव्हा जावयांनी काकाडूला नेलं. जवळपास २० हजार चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, आपला जळगाव जिल्हा त्यात मावून उरेल. जिकडे पाणी तिकडे मगरीची पाटी. मासे धरायचे तर काठापासून ५ मीटर लांब उभं राहायचं. मी जन्मभर तापीत गुडघाभर पाण्यात उभा राहून मरळ धरलेला माणूस! पहिल्या फेकीला गळ मागच्या झाडात, दुसऱ्या फेकीला जावयांच्या टोपीत. फेकजाळं तिथे चालत नाही.

शेवटी एक बारामुंडी लागला. जावयांनी पट्टी लावली, ४८ सेंटीमीटर. ५५ च्या आतला ठेवता येत नाही, म्हणून सोडला. मासा पाण्यात पडला आणि समोरचा ओंडका हलला.

भरीतप्रेमी:
भो, तिथंच काय थांबले? पुढे?

तापीकाठचा:
पुढे काय, मी गाडीत. काचा वर.

यावलची सून:
बारामुंडी म्हणजे आमचा जिताडा हो! माहेर अलिबागचं. जन्मतो नर म्हणून, मोठा झाला की मादी होतो. सासरी सांगितलं तर सगळे म्हणाले, "आम्ही मरळच खातो, ती बरी."

चांगदेव संगम:
आमच्याकडे मोजपट्टी नव्हती, भोईमामा होते. पहाटे जाळं झटकायचे, आम्ही पोरं चिलापी वेचायचो. पाठीचा काटा बोटात गेला की मामा बिडीची राख दाबायचे आणि वर म्हणायचे, "रड, मासे जास्त मिळतात." बाबांनी संगमावर धरलेला कटला दरवर्षी अर्धा किलोने वाढतो. यंदा अकरावर आहे.

दुर्बीण:
मासे राहू द्या, पक्ष्यांवर या. जानेवारीत हतनूरला मोठी लालसरी बदकं मनसोक्त पाहिली. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येतात आणि उतरतात कुठे, तर गाळपेऱ्याच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेल्या हरभऱ्यात. मी दुर्बीण घेऊन, शेतकरीदादा गोफण घेऊन. म्हणाले, "तुमचे पाहुणे ना? मंग तुमच्या घरी न्या." काय बोलणार! त्यांचं पीक, माझा फोटो. फोटोही हलला.

भरीतप्रेमी:
गोफण कुठे मिळते हो आजकाल? गच्चीवर माकडं फार झालीत.

दुर्बीण:
त्यांच्या आईने घरी विणलेली. विकत नाही.

सातपुडा एक्स्प्रेस:
काकाडूतल्या यलो वॉटर पाणथळीची बोट केली का? मी केली, २०१९. पानांवरून चालणारा लाल तुऱ्याचा पक्षी आहे, आपल्या कमळपक्ष्याच्या कुळातला. अंडी नर उबवतो, पिल्लंही नरच पंखाखाली घेऊन हिंडतो. गाईडने सांगितलं आणि सौ. नी माझ्याकडे जे पाहिलं ते मगरीहून भयंकर. बाकी तिथल्या नदीचं नाव ईस्ट ॲलिगेटर, त्यात ॲलिगेटर एक नाही! जुन्या साहेबाने मगरींनाच ॲलिगेटर समजून नाव दिलं, ते तसंच चिकटलं.

यावलची सून:
आमचे हे वाचून हसले आणि लगेच दूध बघायला स्वयंपाकघरात गेले. उतू गेलंच.

केळीवाला:
मी कुठेच गेलो नाही. केळीचा माल भरायचा चालू आहे. पण ४८ सेंटीमीटरचा मासा सोडला हे मनाला लागलं भो.

चांगदेव संगम:
त्या पोऱ्याने पाय वर घेतले का पण?

तापीकाठचा:
नाही. म्हणे, "काका, बसा ना तुम्हीबी." बसलो. जाताना दोन चिलापी हातात दिल्या, वीतभरसुद्धा नसतील. पट्टी काही लावली नाही.