विजय नगरातलं जपानी लाउंज आणि आईचं मिसो सूप

रामबागची:
गेल्या शनिवारी आईला साठ पूर्ण झाली. भावाने हौसेने इंदूरच्या विजय नगरातल्या एका नव्या जपानी लाउंजमध्ये टेबल राखून ठेवलं. कागदी कंदील, मंद उजेड, कोपऱ्यात बार, दहानंतर डीजे. आई पक्की शाकाहारी, तिला अंडंसुद्धा चालत नाही. वेटरला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर ‘प्युअर व्हेज’. मिसो सूपचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपचा, एक घोट घेऊन आईने वाटी खाली ठेवली. "ह्याला सुक्या मासळीचा वास येतोय गं." तिचं लहानपण रत्नागिरीत गेलंय, शेजारच्या अंगणात मासळी वाळत असायची. ह्या बाबतीत तिचं नाक चुकत नाही. बराच वेळ हुज्जत घातल्यावर आतून निरोप आला की सूपचा अर्क पुडीतला आहे आणि त्यात मासा असतो. आईने उठून चूळ भरली. नंतर केकलाही हात लावला नाही.

मी स्पष्ट बोलते, इंदूरला असल्या जागांची गरज नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत कढई समोर असते. गराडूचा कंद तळताना दिसतो, जिरावण मसाला आपल्या डोळ्यांदेखत भुरभुरतात. इथे दाराआड काय शिजतंय ते कळत नाही, आणि विचारलं तर खोटं सांगतात.

रात्रपाळीवाला:
काकूंच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण एका जागेच्या चुकीपायी सगळ्यांनाच झोडपू नका. आजची सुशी हे मुळात रस्त्यावरचंच खाणं. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, तिथे १८२०च्या दशकात निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर ठेवलेला मासा, गाड्यांवर मिळायची. माणसं उभ्याउभ्या दोन घास खाऊन कामाला लागायची. इझाकाया, म्हणजे तिथले खाण्यापिण्याचे अड्डे, तेही तसेच. साके ही तांदळाची दारू विकणाऱ्या दुकानातच लोक बसून प्यायला लागले आणि त्यातून पुढे खाण्यापिण्याच्या जागा झाल्या. म्हणजे त्यांचाही सराफाच की!

आणि आमचं काय? २०२२मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे खास बसमार्गाच्या, पट्ट्यात चोवीस तास दुकानं उघडी ठेवायला परवानगी मिळाली, २०२४मध्ये ती काढूनही घेतली. माझी शिफ्ट रात्री दहाला सुटते. चार मित्रांनी बसायचं कुठे?

रामबागची:
परवानगी उगाच नाही गेली. नशेतली भांडणं, गाड्यांचा धुडगूस, लोकांनी किती तक्रारी केल्या ते आठवा. बसायला जागा हवी हे मला मान्य आहे. मग ती डीजे आणि दारूचीच का?

सराफ्याजवळची:
ताई, मी सराफ्यामागेच राहते, म्हणून सांगते. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे गाड्या लागतात. शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. भुट्ट्याचा कीस हातात धरून धक्के खात उभं राहायचं. माझे गुडघे दुखतात, शिवाय गर्दीत नको ते स्पर्श होतात, ते वेगळंच. महिन्यातून एकदा आम्ही तिघी मैत्रिणी अशाच एका लाउंजमध्ये अकरापर्यंत बसतो. पीत नाही, काकडीची सुशी आणि चहा घेतो. कुणी टक लावून बघत नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा रात्रीचं शहर मी बसून पाहिलं. ते माझ्याकडून काढून घेऊ नका.

भट्टीवरचा:
मी हॉटेलच्या किचनमध्ये अकरा वर्षं काढलीत. काकूंचं नाक बरोबर होतं. जपानी रश्शाचा पाया म्हणजे दाशी. नेहमीची दाशी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची. वेटरला वाटीत टोफू आणि कांद्याची पात दिसते, तो बेधडक व्हेज म्हणतो. अशा वेळी "दाशी कशाची?" एवढंच विचारायचं, तेही वेटरला नाही, शेफला. टेम्पुरा, म्हणजे तिथली भजी, त्याबरोबरच्या पातळ चटणीतही बहुधा हीच दाशी असते.

नुसत्या कोंबूचीही उत्तम दाशी होते. १९०८मध्ये इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने उमामी, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडूपलीकडची पाचवी चव, शोधली ती ह्या कोंबूतूनच. रात्री थंड पाण्यात घालून ठेवा, सकाळी गाळा, झालं. तिथल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाचा स्वयंपाक असतो. त्यात मासा नाही, कांदा-लसूणही नाही. आपल्या गावात कांदा-लसूण न खाणारी घरं किती आहेत! गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि हे लोक पुडी फोडतात, ह्याचा मला राग येतो.

रात्रपाळीवाला:
हे माहीत नव्हतं. मीही इतके दिवस मिसो सूप व्हेज समजून पीत होतो. घरी सांगायची सोय नाही.

रामबागची:
सराफ्याजवळच्या ताई, तुमचं म्हणणं पटलं. तुमची ती जागा राहायलाच हवी, ‘गरज नाही’ हे माझे शब्द मी मागे घेते. पण वेटरवर खापर फोडून मालकाला सुटू देणार नाही. कोणत्या पदार्थात मासा आहे ते मेनूवर मराठी-हिंदीत छापायला किती खर्च येतो? तसं पत्र मी त्यांना काल लिहिलं, अजून उत्तर नाही.

भट्टीवरचे दादा, कोंबू इंदुरात कुठे मिळेल? आईला घरी करून घालायचंय. ती म्हणाली, "वास सोडला तर चव चांगली होती गं."