मदत हवी आहे: आबांना पहिल्यांदाच विमानाने मुंबईला न्यायचंय, त्यांच्या प्रश्नांना काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. आबांना पुढच्या महिन्यात मणक्याच्या डॉक्टरांना दाखवायला मुंबईला न्यायचंय. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्रभर बर्थवर पाठ टेकवत नाही आणि वंदे भारतला तेवढा वेळ बसवत नाही, म्हणून होटगी रोडच्या विमानतळावरनं विमानानेच जाऊ म्हटलं. आपल्या गावात विमान यावं म्हणून काय काय झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको, जून २०२३ मध्ये विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गाव किती तापलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. शेवटी ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि तीनच दिवसांनी अहमदाबादचा अपघात झाला. विमानातले २४१ गेले, शिवाय खाली हॉस्टेलातली पोरं. तेव्हापासून आबा विमानाचं नाव काढू देत नाहीत.

आबा एसटीत ड्रायव्हर होते, घाबरट माणूस अजिबात नाही, म्हणून "काही होत नाही हो" म्हटलं की उलट चिडतात. त्यांना नीट उत्तर पाहिजे आणि माझ्याकडे ते नाही.

त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालाच्या बातमीचं कात्रण त्यांनी चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलंय. उड्डाणानंतर काही सेकंदात दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच (इंधन चालू-बंद करणारे) एका सेकंदाच्या अंतराने बंद झाले, एक पायलट विचारतो का बंद केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. त्या ओळींखाली पेनने रेघ मारलीय. आबा विचारतात, चुकून हात लागून स्विच पडतो का? आणि पडत असेल तर असा ठेवलाच कशाला?

दुसरं म्हणजे पायलटची झोप. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली तेव्हा आबांनी सगळ्या बातम्या बघितल्या. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन, हे नियम त्यांना तोंडपाठ आहेत, कारण डबल ड्युटी करून पहाटे स्टिअरिंगवर डोळा लागायला येतो म्हणजे काय ते त्यांनी भोगलंय. गोंधळ झाल्यावर त्या कंपनीला या नियमांतून सवलत दिली हे त्यांना अजिबात पटलेलं नाही, मलाही नाही. छोट्या कंपन्यांना हे नियम लागू असतात का?

आणि ते ११ए. अहमदाबादच्या अपघातात वाचलेला एकमेव प्रवासी त्या सीटवर होता म्हणून मिळाली तर तीच सीट, नाहीतर येणार नाही म्हणतात. सांगा की कुणीतरी, काय करू?

सातरस्ता: विमान मेंटेनन्समध्ये आहे म्हणून लिहितो. हात लागून स्विच पडत नाही, आधी वर उचलावा लागतो, मगच खाचेतनं निघून पलीकडे जातो, आबांना हे नक्की सांगा. पण दुसरी बाजूही सांगा. काही बोईंग विमानांत ही खाचेची लॉक निकामी असू शकते अशी सूचना अमेरिकेतल्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने २०१८ मध्ये काढली होती, सक्तीची नव्हती म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती, हे त्याच अहवालात आहे. अपघातानंतर डीजीसीएने (आपल्याकडची विमान वाहतूक नियामक संस्था) तपासायला लावलं तेव्हा लॉकमध्ये दोष सापडला नाही असं कंपनीने सांगितलं. स्विच कुणी किंवा कशाने हलला हे प्राथमिक अहवालात नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर पायलटला दोषी ठरवणारे मेसेज आबांना दाखवू नका. विश्रांतीचे नियम डीजीसीएचे आहेत, छोट्या कंपन्यांनाही लागू.

रेवती_जुळे_सोलापूर: ११ए त्या अपघात झालेल्या बोईंग ड्रीमलायनरमध्ये दाराशेजारी होती हो. मुंबईला एम्ब्रेअर १७५ जात असेल तर त्याला पंखांवर इमर्जन्सी दारं नसतात, फक्त पुढे आणि मागे, म्हणजे ११ए मधोमध येते. दाराजवळची आईल सीट (मधल्या वाटेकडची) घ्या, पाठीसाठी उठबस करायलाही बरी. बसल्यावर दारापर्यंत किती रांगा आहेत ते आबांना मोजू द्या. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. आबा पाठीच्या आधारासाठी कमरेचा पट्टा लावत असतील तर तो चेकिंगला काढायला लावतील, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असू दे.

धागाकर्ता: दोघांचेही खूप आभार. सातरस्ता, तुमचा प्रतिसाद आबांना मोठ्याने वाचून दाखवला, लॉकचं ऐकल्यावर म्हणाले सूचना सक्तीची का नव्हती ते विचार. २०१८ ची ती सूचना आता तरी सक्तीची झालीय का? आणि पाठीचा पट्टा घालूनच बसायला देतात ना, का प्रवासभर काढून ठेवावा लागेल?