आप धर्माचं उदाहरण राहून गेलंय

‘भजनी मंडळं गावाच्या कामात उतरतात ती निवडणुकीपुरतीच’ हे इथल्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला निम्मंच पटतं. आमच्याकडे सभामंडपाला निधी आणि त्याच मंडपात प्रचाराचा नारळ, हे मीही पाहिलंय. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांचं (काही जण गुला महाराज लिहितात) नाव इथे कुणीच घेतलं नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे हा भाग पश्चिम खानदेशात होता तेव्हा, त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्लांना आरतीला जमवलं. मागणं साधं होतं: दारू सोडा, रोज अंघोळ करा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. त्यावरूनच ह्या चळवळीला ‘आप धर्म’ म्हणतात.

मला यातलं ‘आप’च मोठं वाटतं. ज्यांना सावकारापासून फौजदारापर्यंत सगळे अरे-तुरे करायचे, ती माणसं आपसात मानाने बोलू लागली. दारूबंदीचं सगळे सांगतात, ह्याचं कमी. महाराज गेल्यावर त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, आणि इंग्रज सरकारला ती गर्दी काही नुसती भजनाची वाटली नाही.