मदत हवी आहे: ब्रिटनच्या साध्या लायसन्सवर केवढी व्हॅन चालवता येते?

मंडळी, घर हलवायला व्हॅन भाड्याने घ्यायची आहे. माझं लायसन्स ब्रिटनचं, कॅटेगरी बी, म्हणजे ३,५०० किलोपर्यंत. हे वजन सामानासकट धरतात, एवढं कळलं. पण टेल-लिफ्टवाली (मागे सामान उचलून चढवणारी लिफ्ट असलेली) ल्यूटन, म्हणजे मोठ्या खोक्यासारखी व्हॅन घेतली तर लिफ्टचंच वजन बरंच असतं. त्यात फ्रिज, कपाटं आणि पुस्तकांची खोकी (बायकोची, माझी नव्हेत!) चढवली की मर्यादा ओलांडणार नाही ना? तुम्ही अंदाज कसा काढता?

दुसरं, काकांनी टेस्ट १९९७च्या आधी पास केलीय, त्यामुळे त्यांना सी१, म्हणजे साडेसात टनीसुद्धा चालते. पण आता सत्तरी जवळ आलीय. सी१ टिकवायला मेडिकल लागते. कोणी केलीय का? किती वेळ गेला?