५०० जीबी हार्डडिस्क फुल झाली, कीर्तनाचे व्हिडिओ ठेवायचे कुठं? १ टीबी टाकू का एसएसडी?

सेलूकर
नमस्कार मंडळी. लॅपटॉप २०१७ चा आहे, आय थ्री सातवी जनरेशन, ८ जीबी रॅम, आत ५०० जीबीची फिरणारी हार्डडिस्क. गावात दरसाल अखंड हरिनाम सप्ताह असतो, आजूबाजूच्या गावचे लोकपण बोलावतात, तर रात्रीचं कीर्तन आन शेवटच्या दिवशीचं काल्याचं मी कॅमेऱ्यावर घेतो. दोन तासाचं कीर्तन १५ जीबीच्या आसपास जातं, म्हणजे एका सप्ताहाचे शंभर जीबी झालेच. आता सी आन डी दोन्ही लाल दाखवायलेत, विंडोज चालू व्हायलाच लई वेळ लागायलाय, एडिटिंग तर होतच नाही. यातले काही महाराज आता राहिले नाहीत त्यामुळं डिलीट काहीच करायचं नाही, हे आधीच सांगतो. दुकानदार म्हणतोय १ टीबीची हार्डडिस्क टाकून देतो विंडोजसगट, मित्र म्हणतोय एसएसडीच टाक, म्हणजे फिरणारा भाग नसलेली चिपवाली डिस्क. डीव्हीडी ड्राइव्ह आहे पण वापरात नाही. काय करावं? आन आतले फॉन्ट, सॉफ्टवेअर आहे तसं नव्यात येतं का?

लातूर_रिपेअरिंग
भाऊ, खरेदीचं नंतर बघू, आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून हार्डडिस्कची तब्येत बघा. निळं 'गुड' आलं तर ठीक. पिवळं 'कॉशन' आलं तर त्याच दिवशी व्हिडिओ दुसरीकडं कॉपी करून घ्या, डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणं) वगैरे काही करत बसू नका, खराब सेक्टरवाल्या डिस्कवर जेवढं जास्त काम तेवढा धोका.

आता तुमच्या प्रश्नाचं. आत परत फिरणारीच हार्डडिस्क टाकली तर जागा वाढंल पण लॅपटॉप असाच रडत चालंल. लॅपटॉपची हार्डडिस्क सलग मोठी फाईल वाचताना सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देती, पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली इकडून तिकडून वाचाव्या लागतात, तिथं तिचा वेग एक-दोन एमबीवर येतो. खरी अडचण तिथंच आहे. साध्या साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीच्या) एसएसडीला फिरणारं काही नसतं, ती सलग वाचताना पाचशेच्या वर देती आन बारक्या फायलीतपण अडकत नाही. त्यामुळं विंडोज एसएसडीवर पाहिजेच.

मागचं झाकण उघडून एम डॉट टू चा (पट्टीसारखी एसएसडी बसवायचा) स्लॉट आहे का बघा. काही बोर्डावर जागा छापलेली असती पण कनेक्टरच बसवलेला नसतो. स्लॉट असला तरी तो साटाचा आहे का एनव्हीएमईचा (जास्त वेगाच्या जोडणीचा) हे मॉडेलच्या मॅन्युअलमधी बघूनच पैसे द्या, दोन्ही कार्डं दिसायला सारखीच असतात आन चुकीचं बसलं तरी चालत नाही. स्लॉट नसंल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या, ती हार्डडिस्कच्या जागी बसती, आन जुनी हार्डडिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) टाका. कॅडी ९.५ आन १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येती, डीव्हीडी ड्राइव्ह काढून पट्टीनं मोजा मगच मागवा. एसएसडी मात्र मेन जागीच ठेवा, काही लॅपटॉपमधी डीव्हीडीच्या लाईनवरून विंडोज चालू करताना कटकट होती.

जालन्याची_ताई
वरचं सगळं बरोबर आहे पण मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटायलीय. दादा, तुमच्याकडं या कीर्तनांची दुसरी कॉपी आहे का? एकाच लॅपटॉपमधी दोन डिस्क असल्या तरी लॅपटॉप चोरीला गेला, पडला, पाणी सांडलं की दोन्ही एकदम जातात. आन जुनी हार्डडिस्क इतक्या वर्षांची, तिच्याच भरवशावर मूळ रेकॉर्डिंग ठेवणं मला पटत नाही. माझं म्हणणं, आत छोटी एसएसडी आन बाहेर १ किंवा २ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या. १ टीबीची विंडोजमधी ९३१ जीबीच दिसती, फसवलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजारानं मोजती आन विंडोज १०२४ नं. ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी हजार-दोन हजारात दिसती ती मात्र नक्की खोटी असती. व्हिडिओ टाकताना 'कॉपी झालं' म्हणती आन नंतर उघडतच नाहीत. कुठलीपण नवी डिस्क आली की रिकामी असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपासा.

नांदेडी_एडिटर
जागा वाचवायची असंल तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एच २६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) मधी करून ठेवा ना, कीर्तनात कॅमेरा एकाच जागी असतो, साइज निम्म्यावर येतो.

जालन्याची_ताई
यूट्यूबला टाकायच्या कॉपीसाठी करा, मूळ फायलीला हात लावू नका. एकदा दाबलेलं परत मूळ होत नाही. पखवाजाचा आन टाळाचा आवाज आहे त्यात, करायचंच असंल तर ऑडिओ पासथ्रूवर ठेवा म्हणजे आवाज जशाला तसा राहतो.

सेलूकर
ताई, दुसरी कॉपी नाही. तुमचं एकदम पटलं, आधी एक्स्टर्नल घेतो. तब्येत 'गुड' आली बघितली. झाकण उघडलं, एम डॉट टू चा कनेक्टर नाही. डीव्हीडी ९.५ ची आहे. आता ४८० जीबीची एसएसडी घेऊन क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) मारू का नवीन विंडोज टाकू?

लातूर_रिपेअरिंग
क्लोन मारायचा असंल तर ४८० घेऊ नका. तुमची ५०० ची विंडोजमधी ४६५ दिसती, ४८० वाली ४४७. क्लोनझिला या क्लोनच्या सॉफ्टवेअरला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागती, नाहीतर आधी पार्टिशन (सी, डी चे भाग) बारीक करत बसावं लागतं. ५१२ घ्या, ती ४७६ दिसती. आधी व्हिडिओ एक्स्टर्नलवर हलवा, मोठ्या एक-दोन फायली उघडून, मधून पुढं ढकलून बघा, मग क्लोन. म्हणजे क्लोनपण लवकर होतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असंल तर आधी बंद करा आन रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एसएसडी बाहेरून साटा टू यूएसबी केबलनं लावा. आन लाईटचा भरवसा नसंल तर बॅटरी फुल करून, चार्जर इन्व्हर्टरवर लावूनच बसा, क्लोन अर्ध्यात तुटला की परत पहिल्यापासून. क्लोनझिलात सोर्स (जुनी) आन टार्गेट (नवी) विचारतं तिथं डिस्कचं नाव, साइज दोनदा वाचा, उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढती.

माझं विचाराल तर इतक्या जुन्या विंडोजचा क्लोन मारण्यापेक्षा नवीन टाका. लायसन्स बोर्डाला जोडलेलं असतं, तीच एडिशन टाकली की नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. मराठी फॉन्ट सी मधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करून ठेवा, सॉफ्टवेअर मात्र परत टाकावं लागतं. एक लक्षात असू द्या, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आन सातवी जनरेशन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. एडिटिंग आन रेकॉर्डिंगला चालंल, बँकेचं काम त्याच्यावर करू नका.

सेलूकर
मग नवीनच टाकतो, ५१२ ची. जुनी हार्डडिस्क पुसायची नाही, कॅडीत तशीच बसवतो आन एक्स्टर्नल आमच्या काकांच्या घरी ठेवतो. कॅडी नांदेडला मिळंल का ऑनलाइनच बघू?

नांदेडी_एडिटर
डॉक्टर्स लेनला कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा. जाताना डीव्हीडी ड्राइव्ह सोबतच न्या, त्याची पुढची प्लास्टिकची पट्टी आन मागचा स्क्रूचा पत्रा कॅडीला लावावा लागतो, बसतंय का तिथंच बघून घ्या.