पोट भरलेलं असतानाही खात सुटणं – तुमचे अनुभव लिहा

बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. नंतरचे आठ-नऊ महिने मी रोज रात्री सगळे झोपले की लाइट न लावता स्वयंपाकघरात जायचे आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच चिवड्याच्या डब्यात हात घालायचे, जेवून तास-दीड तासच झालेला असायचा. झाकण वाजू नये म्हणून डबा तसाच उघडा ठेवायचे, सकाळी आई म्हणायची चिवडा सादळला कसा. एका रात्री तिलाही झोप नव्हती, ती आली, काहीच बोलली नाही, स्टुलावर बसली आणि आम्ही दोघी खूप रडलो. तेव्हापासून जेवणं झाली की बाबांबद्दल बोलत बसतो. अजूनही कधीतरी हात जातो डब्याकडे, पण आता ताटलीत काढून बसून खाते. तुमचं कशाने सुटलं, सांगा ना.

~~~

धागा काढलास ते फार बरं केलंस गं. माझी वेळ दुपारी चारची, ऑफिसात रिव्ह्यू कॉल संपला की खाली जाऊन दोन वडापाव आणि वर क्रीम रोल. वजन 68 चं 83 झालं. डाएटिशियन बाईंनी तक्ता दिलाच नाही, वही लिहायला लावली, काय खाल्लं आणि त्याच्या आधी काय घडलं एवढंच. दोन आठवड्यांत अकरा वेळा असं खाल्लं होतं, त्यातलं नऊ वेळा त्या कॉलनंतर!! मला वाटायचं भूकच लागते. आता कॉल झाला की आधी जिना उतरून एक चक्कर मारते, मग खरी भूक असेल तर खाते.

~~~

मी तर डाएटमुळेच यात अडकले. दिवसभर ग्रीन टी आणि काकडी, रात्री फ्रीजसमोर ताबा सुटायचा, मग दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून परत उपास. दुपारी पोळी-भाजी, वरण-भात पोटभर जेवायला लागले तेव्हा कुठे रात्रीचं कमी झालं.

~~~

पुरुषांनाही होतं हे, म्हणून लिहितोय. नोकरी गेल्यावर मी गाडीत बसून फॅमिली पॅक संपवायचो आणि रिकामा डबा सोसायटीबाहेरच्या कचऱ्यात टाकून घरी जायचो. बायकोलाही माहीत नव्हतं. लाज एवढी की दोन वर्षं गेली. काउन्सेलरने सांगितलं की याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, 2013 च्या डीएसएम-5 पासून (मानसिक आजारांची डॉक्टर वापरतात ती अमेरिकन यादी) तो स्वतंत्र आजार धरला जातो, तुमची इच्छाशक्ती कमी आहे असं नाही. ते ऐकून निम्मं ओझं उतरलं, खरंच. सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची सेशन्स घेतली, मध्ये दोनदा घसरलो. कुणाकडे जावं कळत नसेल तर 14416 वर फोन करा, टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

~~~

माझं अजून सुटलेलं नाही. काल सासूबाईंशी वाजलं आणि मुलांसाठी ठेवलेले सहा लाडू खाल्ले, मुलांना खोटं सांगितलं. दादा, तुमचं ते रिकाम्या डब्याचं वाचून रडू आलं, मीही कागद लपवते. ताईला आत्ताच मेसेज केलाय, मोकळी झालीस की फोन कर म्हणून.