मदत हवी आहे: जुनी वेब्ली (ब्रिटिश रिव्हॉल्व्हर), वरून निकेल केलेली, ओळख आणि निगा

नमस्कार मंडळी, सोलापुरातनं लिहितोय. लायसन्स माझ्याच नावावर आहे, नंबरची नोंदही झालीय, त्यामुळे कागदपत्रांचं विचारू नका.

डीलरकडनं सेकंडहँड .३२ रिव्हॉल्व्हर घेतलं, सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडणारं. नळीच्या पट्टीवर वेब्ली अँड स्कॉट आणि फ्रेमवर मार्क ४ कसंबसं वाचता येतं, कारण आधीच्या मालकानं निकेल चढवून घेतलंय आणि पॉलिश करताना अक्षरांच्या कडा घासून गोल झाल्यात (हौसेला मोल नसतं म्हणा). मुठीला शिसवी फळ्या, घरीच कोरल्यासारख्या, एका बाजूला स्क्रूपाशी बारीक फट दिसते. नेम धरायची पुढची माशीपण कानशीनं घासलेली वाटते. आपल्याकडं कानपूरच्या सरकारी कारखान्यातली .३२ याच धर्तीवर बनते म्हणून आधी शंका आली होती, पण तसा काही शिक्का सापडला नाही.

आतापर्यंत एवढंच केलंय, रिकामं आहे का ते दोनदा बघून सुती कापड आणि हलकं गन ऑइल. चामडी होल्स्टरमधनं काढून ठेवलंय, कातडं ओल धरतं. तांब्याचे डाग काढायचं अमोनियावालं सॉल्व्हेंट मुद्दामच वापरलं नाही, निकेल जिथं उडालंय तिथनं खालचा तांब्याचा थर खाईल म्हणून. घोडा ओढल्यावर सिलिंडर किंचित हलतंय, त्यामुळे दाखवल्याशिवाय चालवणार नाही.

आता सांगा, अक्षरं अशी पुसट असताना बनावटीचं साल कशावरनं काढायचं, आणि सोलापूर-पुण्याकडं सिलिंडरचं टायमिंग (गोळीचं घर नळीसमोर बरोबर येतं का ते) तपासून देणारा लायसन्सवाला कारागीर कुणाच्या माहितीत आहे का?